दुकान टाकणारी माणसं

भोसरीची गोष्ट सांगायला बसलं की आपण कारखान्यांपासून सुरुवात करतो. १९५४ मध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि एमआयडीसी आली, १९७० मध्ये भोसरी-पिंपरी-चिंचवड-आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. जे ब्लॉक, टी ब्लॉकमध्ये लेथवर उभ्या राहिलेल्या वर्कशॉपवाल्यालाही आपण अभिमानाने उद्योजक म्हणतो. त्याच्या कामगाराला महिनाभर डाळ-तांदूळ पुरवणारा मात्र आपल्या लेखी नुसता दुकानदार. यंदाचा आमचा दिवाळी अंक त्याच्यावर आहे.

हा माणूस बहुधा बीड, लातूर, धाराशिवकडून आलेला असतो. आधी कंपनीत हेल्पर, कंत्राट संपलं की नातेवाइकाच्या दुकानात हाताखाली. पिंपरी कॅम्पातल्या होलसेल व्यापाऱ्याशी ओळख झाली, माल उधारीवर मिळू लागला, की लांडेवाडीत नाहीतर इंद्रायणीनगरात भाड्याचा गाळा घेऊन तो स्वतःचं दुकान टाकतो. पुढे मेहुण्याला टाकून देतो, मग भाच्याला. ही दुकानं एकमेकांच्या शाखा नसतात. ज्याचा गाळा त्याचा गल्ला, तोटाही त्याचाच. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांनी पिंपरी कॅम्पाची बाजारपेठ उभी केली, तिच्या आधारावर ही दुसरी पिढी उभी राहिली आहे.

या दुकानांचं पंचांग कारखान्यांचं आहे. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून गर्दी गुरुवारी. उधारी फिटायची ती पगाराला. १९३६च्या वेतन कायद्याने लहान कारखान्यांना सातवी आणि हजार कामगारांच्या पुढच्यांना दहावी तारीख घालून दिली होती, तीच खात्याची तारीख झाली. दिवाळीत बोनस हातात पडला की आधी वहीवरची बाकी, मग कपडे. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या वर्कशॉपची कामं थंडावली. अशा महिन्यांत कंत्राटी कामगाराला ना बँक उभं करते, ना मालक. घरात पीठ येतं ते वहीवर. औद्योगिक पट्ट्याची मंदी पहिल्यांदा सोसणारं भांडवल दुकानदाराचं असतं आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

सगळे दुकानदार भले आहेत, असं आम्ही म्हणणार नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला चढा दर लावणारे आहेत, ते चूकच. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपवर स्वस्त मिळत असेल तर कुणी ते घेऊ नये, असंही आमचं म्हणणं नाही. पण काम सुटलेल्या माणसासाठी ओळखीवर महिनाभर थांबणारं ॲप अजून निघालेलं नाही.

म्हणून मागणी बँकांकडे आहे. मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंतचं. त्यात फ्रीज, काटा आणि रॅक होतील, माल कशात भरायचा? क्यूआर कोडवर रोज जमा होणारी रक्कम बँकेला दिसते. वहीतली उधारी दिसत नाही आणि दुकानदाराचा पैसा अडकलेला असतो तो तिथेच. लहान कारखान्याला पैसे न आलेल्या बिलांवर कर्ज देता येतं, तसं या वहीवरही दिलं पाहिजे. त्याची सुरुवात भोसरीतल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांनी करावी. ही वही खरी की खोटी, हे त्यांच्या शाखेतल्या माणसाला गल्लीत एक चक्कर मारून कळू शकतं.