महत्त्वाच्या यंत्रणांच्या यादीत शाळा का नाही?



सायबर सुरक्षा म्हटलं की आपण मुलांना "ओटीपी कोणाला सांगू नका" एवढं शिकवतो आणि थांबतो. पण काही संगणक असे असतात, की ते बंद पडले तर अख्ख्या देशाचं काम अडतं. त्यांच्यासाठी वेगळी कायदेशीर तरतूद आहे, हेही मुलांना कळायला हवं.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ७० पाहा. जी यंत्रणा निकामी झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता धोक्यात येईल, तिला सरकार 'संरक्षित प्रणाली' जाहीर करू शकतं. तिच्यात परवानगीशिवाय शिरणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी हे राष्ट्रीय केंद्र नेमलं गेलं.

यात प्रामुख्याने येणारी क्षेत्रं अशी :

१. वीज व ऊर्जा
२. बँका, वित्तसंस्था व विमा
३. दूरसंचार
४. वाहतूक
५. सरकारी यंत्रणा
६. सामरिक व सार्वजनिक उपक्रम

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. क्षेत्र यादीत आलं म्हणजे त्यातला प्रत्येक संगणक 'संरक्षित' होत नाही. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. आधारची मध्यवर्ती माहिती-यंत्रणा २०१५ मध्ये अशी जाहीर झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. यादी कशासाठी असते, ते यावरून समजतं.

मग शाळा? ती या यादीत नाही, आणि माझ्या मते नसावीच. दोन शिक्षकी शाळेला वीज केंद्राचे नियम लावले तर शिकवायचं कधी? पण यादीत नाही म्हणून आपली माहिती बिनमोलाची ठरत नाही. सरल आणि यू-डायसवर आपण मुलांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक भरतो. आणि लॉगिनचा पासवर्ड? तो बहुतेक वेळा कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो, नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतो!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व आणलं आहे. तेव्हा पालकांनो, शाळेला जरूर विचारा : आमच्या मुलाची माहिती कोण पाहतं? आणि शिक्षकांनो, या प्रश्नाचा राग मानू नका. उत्तर तयार ठेवा.