बँड, बाजा आणि अर्धा किलो

‘ऑपरेशन झालंय ना गं तुझं? मग?’

हा ‘मग?’ मी विश्रामबागच्या चौकापासून विलिंग्डन कॉलेजच्या गेटपर्यंत इतक्या जणांकडून ऐकलाय की विचारू नका. भाजीवाल्या मावशी, शेजारच्या काकू, बँकेतला शिपाई, आणि ज्याला मी आयुष्यात दोनदाच भेटले असेन तो चुलतभावाचा मेहुणासुद्धा! सगळ्यांच्या नजरा आधी माझ्या पोटावर, मग तोंडावर, आणि मग तो ‘मग?’

तर मंडळी, गोष्ट २०११ च्या जानेवारीतली. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०८ किलो, वय २९. पुण्याला जाऊन मी गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनची एक रिंग बसवतात. तिच्या वर एवढीशी पिशवी तयार होते, चार घास गेले की भरते. रिंगेला एक बारीक नळी, नळीच्या टोकाला कातडीखाली एक बटणासारखं पोर्ट. त्यात सुईने सलाइन भरलं की रिंग आवळते, काढलं की सैल होते. शेजारच्या काकूंना मी हे सगळं चित्र काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बँड लग्नात लावायचा सोडून पोटात कशाला लावलास?’

हसले मी तेव्हा. पुढे पुढे हसू येईना.

कारण डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती आणि मी ती कानाआड केली होती. बँडचं काम संथ. सगळं नीट जुळलं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो. माझ्या उंचीला साधारण ६२ किलो ठीक, म्हणजे ४६ किलो जादा. त्यातलं निम्मं दोन-तीन वर्षांत गेलं तर ऑपरेशन यशस्वी समजायचं. निम्मं! दोन-तीन वर्षांत! मी मात्र मनातल्या मनात दिवाळीसाठी मीडियम साइजचा कुर्ता घेऊन ठेवला होता. (मनातल्या मनात नाही, खरंच घेतला होता. लक्ष्मी रोडवर, डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी, पोटाला टाके असताना.)

पहिले काही आठवडे पातळ खाणं, मग कुस्करलेलं, मग मऊ. त्यात सुरुवातीचं वजन भराभर उतरलं. आईने तिच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून माझं वजन लिहायला घेतलं, दर सोमवारी. नंतर नेहमीचं जेवण सुरू झालं आणि वही रुसली. चारशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम. मग तीन सोमवार तोच आकडा. एका सोमवारी तीनशे ग्रॅम जास्त! आईने तो आकडा पेन्सिलीने लिहिला, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून.

लहानपणी मिरज जंक्शनवर ते लाल-पिवळे दिवे लागणारं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बाबा मला चढवायचे आणि मी नेहमी भविष्याची बाजू आधी वाचायचे. आता तेवढीही सोय राहिली नव्हती.

आणि खाण्याचं म्हणाल तर बँडइतकं विचित्र जनावर दुसरं नसेल. भाकरीचा मोठा तुकडा नीट न चावता गिळला की छातीत अडकायचा. डोळ्यांत पाणी, तोंडाला लाळ, मग बाथरूमकडे धाव. भात चिकट, तो अडकायचा. पाव तर विचारूच नका, मिसळीचा कट पुढ्यात असताना मी पावाकडे साप बघावा तशी बघायचे. आणि बासुंदी? वाडीची बासुंदी सुळ्ळकन खाली! ना अडकणं, ना पोट भरणं. आइस्क्रीम, मिल्कशेक, उसाचा रस, सगळ्यांना फ्री पास. भडंगसुद्धा नीट चावून खाल्लं की पीठ होऊन खाली उतरतं. म्हणजे ज्याने वजन उतरेल ते अडकणार आणि ज्याने वाढेल ते निवांत जाणार. हे मला कळायला पाच महिने लागले. तोवर मी ‘जेवणच जात नाही गं’ म्हणत रोज दुपारी कोल्ड कॉफी पीत होते आणि वजन का हलत नाही म्हणून रडत होते. डाएटिशियनने विचारलं, ‘पातळ काय काय घेता?’ मी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसतं लिहून घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं!

त्याच सप्टेंबरमध्ये नितीन गडकरींनी मुंबईत बॅरिअॅट्रिक सर्जरी करून घेतल्याची बातमी आली आणि अख्ख्या महाराष्ट्राला तो शब्द पाठ झाला. आता मला समजावून सांगावं लागेना, पण तुलना सुरू झाली. पेपरात कुणाचे किती किलो उतरले याच्या बातम्या, आणि त्यात आमच्याच ब्रँचमधल्या एका सरांनी स्लीव्ह करून घेतली. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापूनच काढतात, वजन पहिल्या वर्षातच झपाट्याने उतरतं. सर सहा महिन्यांत ओळखू येईनात. मी आठ महिन्यांत १२ किलो. लंच टाइमला आम्ही समोरासमोर बसायचो, ते ढगळ शर्टात आणि मी त्याच त्या ड्रेसमध्ये. किती जळले असेन मी!

मग मी हट्ट केला. दसऱ्याला स्वारगेटची गाडी पकडून पुण्याला गेले आणि बँड आणखी आवळून घेतला. डॉक्टर म्हणत होते, थोडं थांबू या. मी म्हटलं, प्लीज, थोडासाच. परत येताना कराडला गाडी थांबली तेव्हा चहाचा घोटही हळूहळू उतरत होता आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता.

त्या तीन आठवड्यांत सहा किलो उतरले. सहा! आईने वहीत पेनने, ठळक लिहिले. आणि विश्रामबागने माझा सत्कार करायचंच बाकी ठेवलं होतं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘आता कसं झ्याक दिसायलीस!’ चुलतभावाच्या मेहुण्याने फोटो मागितला, कुणाला तरी दाखवायला म्हणे. टेलरने ब्लाऊज न विचारता आत घेतला. कुणीही ‘मग?’ म्हणालं नाही.

घरात काय चाललं होतं ते फक्त मला आणि बाथरूमच्या भिंतीला ठाऊक. डाळीचं पाणीसुद्धा परत यायचं. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशात आणि खोकला, म्हणून मी भिंतीला टेकून, बसून झोपायचे. सकाळी जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर बँड सैल केला असता, आणि मग पुन्हा दोनशे ग्रॅमवर! नरक चतुर्दशीच्या पहाटे मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. फराळाची ताटं लागलेली आणि मी सलाइनवर.

पुण्यात बँड पूर्ण सैल केला, नंतर महिन्या-दोन महिन्यांनी बेताने पुन्हा भरला. डॉक्टरांनी सांगितलं, उलट्या अशाच चालू राहिल्या असत्या तर जठर रिंगेतून वर सरकलं असतं, मग ऑपरेशनच. डिसेंबरपर्यंत चार किलो परत आले. काकू लगेच हजर, ‘काय गं, पुन्हा?’

त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला. स्वतःवर नव्हे, काकूंवर. त्यांना म्हटलं, ‘काकू, तुम्ही झ्याक म्हणत होता तेव्हा मी आजारी होते. आता जेवतेय.’ काकू गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी वाटीभर मुगाची उसळ आणून दिली, मऊ शिजवलेली. पुढे कितीतरी दिवस त्या आणत होत्या.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. जेवताना पाणी बंद, घास नखाएवढा, आधी उसळ-अंडं-पनीर, मग जागा उरली तर भाकरी. सकाळी विलिंग्डनच्या बाजूने चालणं. वजन सोमवारी नाही, महिन्यातून एकदा. दोन वर्षांनी ८७, तीन वर्षांनी ८३. आज ८४. मीडियमचा कुर्ता माझ्या भाचीने कॉलेजला घालून जुना केला.

माझ्या वेळचा बँड आता जवळजवळ कुणी बसवत नाही. अनेकांचा सरकला, काहींचा जठरात रुतला, कित्येकांचं वजन पुरेसं उतरलं नाही म्हणून काढावा लागला. माझा अजून आहे, नशीब म्हणा. आता जमाना इंजेक्शनचा. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण ६८ आठवड्यांत. ते ६८ आठवडे कुणी वाचत नाही, १५ टक्के तेवढे वाचतात.

मागे आमच्या ब्रँचमधल्या एका पोरीने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सुरू केलं. चौथ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभी, डोळे भरलेले. ‘मॅडम, दोनच किलो. डॉक्टरांना डोस वाढवायला सांगू का?’

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आईची वही घेऊन गेले आणि तिच्या हातात दिली. ती मागच्या पानापासून चाळत गेली. दोनशे, चारशे, पेन्सिलीतले तीनशे. चाळता चाळता २०११ च्या ऑक्टोबरपाशी थांबली आणि एकदम खुलली, ‘वॉव मॅडम, इथे तर तीन आठवड्यांत सहा किलो! काय केलं होतं तुम्ही?’

मी तिला खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, बस.