बाळाच्या मुठीतली भाजी



बाळाने सहा महिने पूर्ण केले की आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करायचे. दूध बंद करायचे नाही. कुरआनने तर पूर्ण दोन वर्षांची मुदत सांगितली आहे. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ आधाराशिवाय बसू लागते, दस्तरख्वानाकडे हात टाकू लागते. तेव्हा त्याच्या हातात उकडलेली भाजी द्यायला हरकत नाही. मात्र कापणे आणि शिजवणे नीट हवे.

कच्चे गाजर, काकडीच्या जाड फोडी, मक्याचे दाणे, अख्खे वाटाणे देऊ नका. हे घशात अडकतात. गाजर, बीट, दुधी, लाल भोपळा, बटाटा आणि रताळे धुऊन, सोलून, बोटाएवढ्या लांब फोडी करा. गोल चकत्या नकोत. वाफवल्यावर फोड अंगठा आणि बोटात दाबून पाहा. सहज चेचली गेली तरच द्या. वाटाणे चेचून द्या. फरसबीच्या शिरा काढा. टोमॅटोची साल आणि बिया काढा.

दुधी कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधी मोठ्या माणसालाही विषासारखा बाधतो. बाकी दुधी ही बरकतीची भाजी. हुजूर (स.) ताटातल्या दुधीच्या फोडी आवडीने शोधून खात, असे हजरत अनस (रजि.) सांगतात.

सालनमध्ये मीठ-मिरची घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढा. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध नको. घुट्टीत मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे, पण मधातल्या जंतूंमुळे तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो. तहनीकची सुन्नत खजुराची आहे. तीही अगदी मऊ करून, नुसती टाळूला लावण्यापुरती.

बाळाला बसवूनच भरवा. आडवे असताना, रांगताना किंवा हसवताना नाही. दावतीत येणारा-जाणारा प्रेमाने काहीही तोंडात घालतो. सासूबाई असोत की नणंद, अदबीने पण स्पष्ट सांगा. थोरल्या मुलांनाही समजावा.

बाळ खोकत, उबळ काढत असेल तर घाबरू नका, खोकू द्या. आवाज बंद झाला, रडता येईना, ओठ निळे पडू लागले तर घास अडकला आहे. कोणाला तरी १०८ लावायला सांगा. बाळाला हातावर पालथे घ्या, डोके खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा मारा. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबा. हे आलटून पालटून करत राहा. बाळ निपचित पडले तर १०८ वरून सांगतील तसे करा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. तो आणखी आत जातो.

हात धुवा, बिस्मिल्लाह म्हणा आणि पहिला घास ते शेवटचा घास बाळासमोरून उठू नका.