गाथेंत नसलेला अभंग

बोलपटाच्या पडद्यामागील गोष्टी सांगणें हें आमचें क्षेत्र नव्हे. ती विद्या आमच्या नातवंडांस अधिक अवगत. तथापि ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ या बोलपटानें आमच्या मास्तरकीस एकदां चांगलीच ठोकर दिली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं दिग्दर्शिलेला हा बोलपट १९३६ सालीं निघाला, मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला, व १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. हे गृहस्थ पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, हें त्यांचे तुकोबा पाहिलेल्यास सांगूनही खरें वाटत नाहीं. त्यांच्या मुखीं एका बीजापासून होणाऱ्या विस्ताराचें एक पद आहे. भिवंडीच्या शाळेंत असतां आम्हीं तें ‘तुकोबांचा अभंग’ म्हणून कित्येक वर्षें शिकविलें. छांदोग्यांतील श्वेतकेतु व वटबीज यांची कथा आधीं सांगावी, मग पद चालीवर म्हणावें. बाहेर यंत्रमागांची खडखड चालू असली तरी वर्ग स्तब्ध होई.

एके दिवशीं एका माग-कामगाराचा मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, आजोबांनी सगळी गाथा बघितली. हा अभंग त्यात नाही.” आजोबा पंढरीचे वारकरी. आम्हीं म्हटलें, “आजोबांस म्हणावें, चष्मा लावून पाहा.” वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला.

त्या रात्रीं मात्र गाथा उघडली. साडेचार हजारांहून अधिक अभंग. आठ रात्री गेल्या. पद नाहीं! पदाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ नाहीं, एवढें तरी संस्कृताचा टेंभा मिरविणाऱ्या आम्हांस पूर्वीच दिसावयास हवें होतें. पुढें कळलें कीं पद शांताराम आठवले यांचें, चाल केशवराव भोळे यांची. बोलपट निघाला तेव्हां आठवले सव्वीस वर्षांचे होते. तें ऐकून गाथेच्या जाणत्या अभ्यासकांनींही ‘हा अभंग कोणत्या प्रतींतला?’ असें विचारल्याची गोष्ट सांगतात. तिनें आम्हांस थोडा धीर आला. पण त्यांनीं विचारलें होतें, आम्हीं विचारणाऱ्यास बसविलें होतें.

वर्गांत चूक कबूल केली, परंतु मुलगा त्या दिवशीं आला नव्हता. म्हणून सायंकाळीं त्याच्या घरीं गेलों. म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. गाथा उशाशीं, चष्मा नाकावर. आमचें सर्व बोलणें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या, मास्तर. पोरगं म्हणतंय, तुम्ही चाल लई गोड म्हणता. म्हणा की एकदा.”

आम्हीं पद म्हटलें. मुलगा दाराशीं उभा होता; शेवटच्या कडव्यापर्यंत त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं.