मुडद्यांचा दुसरा फेरा

एखादा भयपट चालला की त्याचा उत्तरभाग काढण्याचा मोह निर्मात्यांना आवरत नाही. आणि भय वाढवावयाचे म्हणजे मुडद्यांची संख्या वाढवावयाची, अशी त्यांची ठाम समजूत असते. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक येऑन सांग-हो यांचा २०१६ मधील ‘ट्रेन टू बुसान’ आणि त्याचा २०२० मधील उत्तरभाग ‘पेनिन्सुला’ ही जोडी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मराठीत हा चित्रप्रकार २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने आणला. (आनंद यादवांमुळे ‘झोंबी’ हा शब्द आपल्याला वेगळ्याच अर्थाने परिचित होता, हा भाग निराळा.) तेव्हा दुसऱ्या भागाचा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

‘बुसान’चे सारे सामर्थ्य आगगाडीच्या अरुंद डब्यात होते. मुडद्यांशी झगडत पलीकडच्या डब्यातून आलेल्या सहप्रवाशांना जी माणसे दार अडवून बाहेर ठेवतात, ती मुडद्यांहून भयंकर वाटली; कारण घटकाभरापूर्वी तीही आपल्यासारखीच तिकीट काढून बसलेली होती.

‘पेनिन्सुला’चा प्रारंभ याच तोडीचा आहे. आगबोट गाठण्याच्या घाईत एक लष्करी अधिकारी रस्त्यात याचना करणाऱ्या कुटुंबाला मागे टाकून मोटार पुढे दामटतो. चार वर्षे हाँगकाँगमध्ये निर्वासिताचे अपमानित जिणे कंठल्यावर तो डॉलरांनी भरलेला ट्रक आणण्यासाठी मायदेशी परततो, आणि तेथे त्याचे प्राण वाचवितात त्या नेमक्या त्याच कुटुंबातील मुली. त्यांच्या आईसमोर तो उभा राहतो, त्या क्षणात अख्ख्या चित्रपटाचा ऐवज होता. दिग्दर्शकाने तो लगबगीने बाजूस सारला आणि काळोखात मोटारींच्या पाठलागाचा धडाका लावला. संगणकाने घडविलेले मुडदे चाकांखाली पाचोळ्यासारखे उडत राहतात. ज्यांची भीती वाटेनाशी झाली, त्यांच्यापासून पळणाऱ्यांविषयी कळवळा तरी कोठून यावा? शेवटचा अश्रुपात तर प्रेक्षकाचाच अंत पाहतो. बंदिवानांना मुडद्यांपुढे लोटून तमाशा पाहणारे सैनिक मात्र विसरता येत नाहीत. रक्षकांचे भक्षक कसे होतात, हे तेथे एका शब्दाच्या भाषणावाचून कळते.

‘झोंबिवली’त विनोद वारंवार भयाच्या आड येतो. अमेय वाघ आणि ललित प्रभाकर यांनी जमविलेला ताण अनेकदा एखाद्या कोटीने सुटून जातो. तरीही या चित्रपटास पाया आहे, आणि तो म्हणजे टोलेजंग इमारत व पाण्यासाठी तळमळणारी जनतानगर झोपडपट्टी यांच्यामधील कुंपण. गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या नाशिककरास ते कुंपण अनोळखी नाही. याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा तालुक्यांत आषाढात धो धो पाऊस कोसळतो आणि वैशाखात बायका हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. उत्तरभाग निघालाच, तर डोंबिवलीऐवजी सारी मुंबई आणि शेकड्यांऐवजी हजारो मुडदे, असला हिशेब कोणी मांडू नये. गोंधळ निवळल्यावर जनतानगरच्या नळाला पाणी आले काय, आणि इमारतीतल्या रहिवाशांनी पुन्हा फाटकाला कुलूप घातले काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.