पेज कशात धरावी?

अमेरिकेत परिचारिकेचा परवाना मिळविण्यासाठी ‘एनक्लेक्स’ परीक्षा द्यावी लागते. तिच्या आराखड्यात रुग्णाचे पोषण व तोंडावाटे घ्यावयाचे द्रवपदार्थ हा स्वतंत्र विषय आहे. आमच्या जोयडा तालुक्यातील एक मुलगी त्याचा अभ्यास करीत होती. बर्फाचे तुकडे दिल्यास निम्मे आकारमान पाणी म्हणून लिहावे, जेली व आइसक्रीम द्रवात धरावे, हे तिला तोंडपाठ होते. तिने मला विचारले, “डॉक्टर, पेज कशात धरायची?”

मला क्षणभर थांबावे लागले. निवळ द्रवात, शिते अन्नात, असे मी सांगितले खरे. पण इतक्या वर्षांत मी स्वतः पेजेची नोंद कधी केली नव्हती. केसपेपरवर ‘हलका आहार’ असे दोन शब्द खरडले की आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य संपते! रुग्णाने किती वाट्या घेतल्या, लघवी किती झाली, हे विचारायचे कोणी?

हा प्रश्न येथे क्षुल्लक नाही. अत्यवस्थ रुग्ण अणशी घाट उतरून कारवारला न्यावा लागतो. जुलाबाने कोरडे पडलेले मूल तेवढा वेळ तग धरील की नाही, हे घोटाघोटाने पाजलेल्या पाण्यावर ठरते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजून असंख्य प्राण वाचविले. पाजणारे हात बहुधा नातेवाइकांचेच होते.

आहाराचेही तेच. येथील कुणबी घरांतून मुडली, कोनफळ, सुरण आवडीने खातात. ती पौष्टिक आहेत यात शंका नाही. परंतु मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाला त्यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. कंद बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडावेत व ते पाणी ओतून द्यावे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. तरी प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. केवळ ‘बटाटा, केळे वर्ज्य’ असा छापील कागद हाती दिला, तर घरचे लोक बटाट्याऐवजी निर्धास्तपणे सुरण वाढतील.

म्हणून परदेशी परीक्षेची पुस्तके मुलींनी अवश्य वाचावीत; पण प्रत्येक पाठ आपल्या चुलीपाशी नेऊन पडताळावा. आणि आपण डॉक्टरांनी रुग्ण दाखल होताच त्याची वाटी व तांब्या एकदा मोजून घ्यावा, आकडा केसपेपरवर लिहावा. रुग्ण कारवारला निघाला, तर तो कागद त्याच्याबरोबर जावा.