जन्माची अट

जून २०१३ मध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्हो इथल्या संसदेला लोकांनी वेढा घातला. अनेक आईबाप बाबागाड्या घेऊन आले होते. फेब्रुवारीपासून जन्मलेल्या बाळांना १३ आकडी ओळख क्रमांक मिळत नव्हता. क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टविना एका आजारी तान्ह्या मुलीला उपचारासाठी देशाबाहेर नेता येत नव्हते. अडले होते ते क्रमांकाचे नोंदणी विभाग देशातल्या सर्ब प्रदेशाच्या हद्दीनुसार आखायचे की नाही, यावर. कायदा व्हायला नोव्हेंबर उजाडला.

बोस्नियाची आजची घडी १९९५ च्या डेटन कराराने बसवली. सुमारे एक लाख माणसांचा बळी घेणारे युद्ध त्याने थांबवले, हे उपकार विसरता येत नाहीत. पण बंदुका खाली ठेवाव्यात म्हणून केलेली वाटणीच राज्यघटना होऊन बसली. राष्ट्राध्यक्षपद तिघांचे: एक बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. वरिष्ठ सभागृहाच्या १५ जागाही पाच-पाच वाटलेल्या, आणि समाजाच्या हिताला धक्का लागतो म्हणून कायदा अडवण्याचा हक्क तिघांनाही. अशा रचनेत पुढाऱ्याला शेजारच्या समाजाकडे मत मागायला जावेच लागत नाही. आपल्या माणसांची भीती जागती ठेवली की खुर्ची शाबूत. बाळांचा क्रमांक त्या भीतीतच अडकला.

वाटणी मोडली तर बहुसंख्य बाकीच्यांना गिळतील, असा आक्षेप येतो. तो पोकळ नाही. २०१३ च्या जनगणनेत बोस्नियाक निम्म्याहून किंचित जास्त भरले, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या क्रोएट जागेवर झेल्को कोमशिच बोस्नियाक मतांवर निवडून आल्याची क्रोएटांची तक्रार आजही ताजी आहे. म्हणून हमी हवीच. मात्र ती भाषा, शिक्षण, धर्म अशा विषयांना बांधावी, उमेदवाराच्या जन्माला नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये कुठल्याही जागेवर कोणीही उभे राहू शकते. आपण युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे), नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एकी हवी असलेले) की 'इतर', हे निवडून आल्यावर सदस्य स्वतः नोंदवतो. तिथले सरकारही २०१७ पासून तीन वर्षे ठप्प होते, ते दुखणे खरेच. तरी २०२२ मध्ये 'इतर' म्हणवणाऱ्या अलायन्स पक्षाने ९० पैकी १७ जागा घेतल्या.

बोस्नियात मात्र या तीन समाजांत न बसणारे, रोमा समाजाचे देर्वो सेयदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्जच भरता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्येच हा भेदभाव ठरवला. त्या निकालाला दीड दशक उलटले, घटनेतले कलम मात्र जागचे हललेले नाही.